मानेतील दोन मणके आणि खेळाचा दाखला

डाउनच्या लक्षणसमूहासह जन्मलेले मूल क्रीडास्पर्धेत उतरावयाचे ठरले म्हणजे त्याच्या वैद्यकीय अर्जात एक प्रश्न असा येतो, की जो इतर मुलांना सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न मानेविषयीचा असतो. काही ठिकाणी मानेचे क्ष-किरण चित्र काढून आणल्यावाचून अशा मुलाला मैदानावर पाऊल ठेवू दिले जात नाही; काही ठिकाणी चित्र एकदा निर्दोष ठरले की पुढे वर्षानुवर्षे त्याच्या मानेचा विचारच कोणी करीत नाही. या दोन्ही रीती चुकीच्या आहेत, असे आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून म्हणावे लागते. त्या का चुकीच्या आहेत आणि त्यांच्या जागी काय असावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेख वैद्यकाच्या अभ्यासकांपेक्षा शिक्षक, क्रीडाशिक्षक आणि पालक यांना उद्देशून लिहिला आहे. यास्तव शरीररचनेची थोडी ओळख आरंभीच करून देणे इष्ट होईल.

मानेत एकंदर सात मणके असतात. त्यांतील वरच्या दोहोंची घडण उरलेल्या पाचांहून अगदी निराळी आहे. सर्वांत वरच्या मणक्यावर कवटी टेकलेली असते. ग्रीक पुराणातील ॲटलास याने आकाशाचा भार पेलून धरला, अशी कथा आहे. तिच्यावरून पाश्चात्त्य शारीरशास्त्रज्ञांनी या मणक्यास ॲटलास असे नाव दिले. नामकरण आपल्याकडे झाले असते, तर हा मान बहुधा शेषाकडे गेला असता! मराठीत त्यास शिरोधर म्हणू. दुसरा मणका तो अक्ष. शिरोधर हे केवळ एक कडे आहे. इतर मणक्यांना असते तसे भरीव धड त्यास नाही. गर्भावस्थेत जे त्याचे धड व्हावयाचे, ते खालच्या अक्षास जाऊन चिकटते आणि अक्षाच्या माथ्यावर दातासारखा उभा सुळका तयार होतो. हा दंतप्रवर्ध शिरोधराच्या कड्यात खालून वर शिरलेला असतो. जात्याच्या मधल्या खिळ्याभोवती वरचा दगड फिरावा, त्याप्रमाणे शिरोधर आणि त्यावरील डोके या दंतप्रवर्धाभोवती फिरते. मान डावी-उजवीकडे वळविताना जी फिरत आपणांस मिळते, तिच्यापैकी सुमारे निम्मी या एकाच सांध्यातून मिळते.

या सोयीचे मोल मात्र द्यावे लागते. खालच्या मणक्यांमधून असणारी चकती येथे नाही, आणि हाडांची एकमेकांत गुंतवणही थोडीच. दंतप्रवर्ध जागच्या जागी राहतो तो मुख्यत्वे एका आडव्या अस्थिबंधामुळे. हा अस्थिबंध दंतप्रवर्धाच्या पाठीमागून, कड्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, पट्ट्यासारखा ताणलेला असतो. त्याच्या मागे मज्जारज्जू. या ठिकाणी कड्याच्या पोकळीचे ढोबळ मानाने तीन भाग कल्पिले, तर एक दंतप्रवर्धाचा, एक मज्जारज्जूचा आणि उरलेला एक मोकळा, असा हिशेब स्टील या शल्यचिकित्सकाने १९६८ साली मांडला. हा मोकळा भाग म्हणजे निसर्गाने गाठीस बांधून दिलेली शिल्लक होय. अस्थिबंध सैल असला आणि मान पुढे वाकविताना शिरोधर पुढे घसरू लागला, तर प्रथम ही शिल्लक खर्ची पडते. ती संपली म्हणजे मज्जारज्जू चेपला जाऊ लागतो. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका गोष्टीत आहे. घसरणे आणि चेपले जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

डाउनच्या लक्षणसमूहाचे वर्णन जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने १८६६ साली केले. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्याने या अवस्थेस एका मानवसमाजाचे नाव दिले होते. ते अशास्त्रीय, शिवाय त्या समाजास अपमानकारक असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ मध्ये ते सोडून दिले. १९५९ साली पॅरिस येथे लेझ्यून, गोतिए व तुर्पँ यांनी या मुलांच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाचे रंगसूत्र दोनांऐवजी तीन असते, हे दाखवून दिले. बौद्धिक वाढीचा मंदपणा, स्नायूंचे शैथिल्य, जवळजवळ निम्म्या मुलांत हृदयाचे जन्मजात दोष या गोष्टी सर्वपरिचित आहेत. त्यांच्या जोडीला सांध्यांचा सैलपणाही असतो. अस्थिबंधांना चिवटपणा देणाऱ्या कोलाजेन या प्रथिनाच्या काही प्रकारांची जनुके याच एकविसाव्या रंगसूत्रावर आहेत. सैलपणाशी त्यांचा संबंध असावा, असे मानले जाते. बोटे, गुडघे, पावले यांचा सैलपणा आईच्या ध्यानात तेव्हाच येतो. मानेतील आडवा अस्थिबंधही तसाच सैल असू शकतो. तो मात्र कोणास दिसत नाही. काही मुलांत दंतप्रवर्ध पुरता वाढलेला नसतो किंवा अक्षापासून सुटा राहिलेला असतो, आणि मग सांध्याची बळकटी आणखी कमी होते.

शिरोधराची पुढची कमान आणि दंतप्रवर्ध यांमध्ये एक फट असते. मानेचे चित्र बाजूने घेतले असता ती मोजता येते. प्रौढांत ती तीन मिलिमीटरांपर्यंत असते, मुलांत थोडी अधिक. डाउनच्या लक्षणसमूहातील मुलांत ही फट कित्येकदा मोठी आढळते, अशा नोंदी १९६१ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. मात्र पुढील वीस वर्षे हा विषय क्ष-किरणतज्ज्ञ आणि अस्थितज्ज्ञ यांच्यापुरताच राहिला.

तो क्रीडांगणावर आला १९८३ साली. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ ही चळवळ सुरू झाली होती आणि तिचे पहिले सामने जुलै १९६८ मध्ये शिकागो येथे झाले होते. १९८३ मध्ये या संस्थेने नियम केला, की डाउनच्या लक्षणसमूहातील प्रत्येक खेळाडूने मानेचे क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. आणि ज्याच्या मानेत अस्थिरता आढळेल, त्यास ठराविक प्रकारांपासून दूर ठेवावे. पाण्यात सूर मारणे, फुलपाखरी पद्धतीने पोहणे, उंच उडी, जिम्नॅस्टिक्स, घोडेस्वारी, फुटबॉल असे प्रकार त्या यादीत होते. मानेवर व डोक्यावर भार टाकणारा कोणताही व्यायाम त्यांच्याबरोबर वर्ज्य ठरला. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने या धोरणास पाठिंबा दिला. नियम करणाऱ्यांचा हेतू निःसंशय चांगला होता. एखाद्या मुलास मैदानावर कायमचे पंगुत्व यावे, ही कल्पनाच असह्य आहे; आणि क्ष-किरण चित्र तर सहज निघते. मग ते का काढू नये?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेतील पुशेल आणि स्कोला यांनी १९८७ मध्ये अशा ४०४ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५९ जणांत, म्हणजे शेकडा १४.६ जणांत, फट प्रमाणाबाहेर मोठी आढळली. पण या ५९ पैकी ५३ जणांस कसलाही त्रास नव्हता. मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे केवळ सहा जणांत होती. म्हणजे चित्रावरून ज्यांची मान अस्थिर ठरते, अशा दहांतील नऊ जण व्यवहारतः धडधाकट असतात. त्यांची शिल्लक थोडी कमी झालेली असते, संपलेली नसते.

यावर कोणी म्हणेल, की आज ते धडधाकट असतील, पण उद्या संकटात सापडणारे ते हेच नव्हेत काय? ही शंका रास्त आहे, आणि चाळणी-परीक्षेचे सारे समर्थन तिच्यावरच उभे होते. परंतु वर्षानुवर्षे ज्यांच्या मानांची चित्रे पुनःपुन्हा घेण्यात आली, त्यांच्यापैकी बहुतेकांची फट फारशी बदलली नाही. काहींची तर कमी झाली. उलट, आज चित्र निर्दोष आले म्हणून पुढे मज्जारज्जूस धोका होणार नाही, अशी हमी मिळत नाही, असेही दिसून आले. जी परीक्षा होकारात फसवी आणि नकारातही फसवी, तिच्यावर मुलाचे भवितव्य टांगून ठेवणे योग्य नव्हे. रोगांच्या चाळणी-परीक्षा केव्हा कराव्यात याविषयी विल्सन व युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी काही निकष घालून दिले होते. रोगाचा पुढील क्रम ठाऊक असावा, आणि परीक्षेत सापडलेल्या व्यक्तीसाठी काय करावयाचे ते निश्चित असावे, असे त्यांत सांगितले आहे. मानेच्या फटीच्या बाबतीत यांपैकी एकही अट धडपणे पुरी होत नाही.

खुद्द मोजमापाचीही अडचण आहे. चित्र मान सरळ असता, पुढे वाकविली असता आणि मागे नेली असता, असे तीनदा घ्यावे लागते. जे मूल क्ष-किरणाच्या खोलीतील यंत्रास बिचकते, ते मान किती वाकवील याचा काय भरवसा? डोके किंचित तिरपे झाले तरी मोजणी बदलते; आणि येथे प्रश्न एखाद्या मिलिमीटराचा असतो. मर्यादेची रेघ तरी एकच कोठे आहे? कोणी ती साडेचार मिलिमीटरांवर ओढतात, कोणी पाचांवर. तीन वर्षांखालील मुलांत तर मणक्यांचे हाड पुरते बनलेलेच नसल्यामुळे चित्रावरून काही ठरविता येत नाही.

हॉलंडमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात मोलाचा आहे. फट मोठी असलेल्या मुलांचे तेथे दोन गट करण्यात आले. एका गटास धोक्याचे मानलेले खेळ वर्ज्य केले, दुसऱ्यास पूर्वीप्रमाणे खेळू दिले. वर्षभराने दोन्ही गटांची तपासणी केली असता, मज्जातंतूंच्या लक्षणांत किंवा फटीच्या मापात उल्लेखनीय फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, आणि एका वर्षाचा अवधी थोडाच म्हणावा लागेल. त्यावरून मान सर्वस्वी सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही. पण खेळबंदीने लाभ होतो, हे गृहीत धरून चालणाऱ्यांवर सिद्धतेची जबाबदारी मात्र त्याने टाकली. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, अमेरिकन अकादमीने आपला १९८४ चा पाठिंबा मागे घेतला आणि अशा चित्रांची उपयुक्तता संभाव्य असली तरी सिद्ध नाही, असे सांगितले. २०११ व २०२२ च्या तिच्या मार्गदर्शनात लक्षणे नसलेल्या मुलाचे नित्याचे क्ष-किरण चित्र काढू नये, हेच मत कायम आहे. स्पेशल ऑलिंपिक्सनेही पुढे सरसकट चित्राची सक्ती सोडली. आता तेथे मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे आहेत काय, हे विचारले व तपासले जाते, आणि ती आढळल्यास पुढील तपासणीवाचून खेळू दिले जात नाही.

मग पाहावयाचे काय? येथे आपण या विषयाच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. मज्जारज्जूस गंभीर इजा झालेल्या ज्या थोड्या रुग्णांचे वृत्तान्त तपासले गेले, त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांत इजेपूर्वी काही आठवडे, काही महिने, क्वचित काही वर्षे सौम्य लक्षणे दिसत होती. ती कोणी ओळखली नव्हती, एवढेच. आणि या रोग्यांत एखादा खेळ किंवा आघात हे मूळ कारण असल्याचे क्वचितच दिसले. संकट बहुधा दार ठोठावून येते. ते ठोठावणे ऐकणारा कोणी घरात असावा लागतो.

ही लक्षणे कोणती ते सविस्तर सांगितले पाहिजे. मान दुखणे, मान एका बाजूस कलती राहणे, मान वळविण्यास नाखुशी, ही लक्षणे मानेतच दिसतात. परंतु याहून बोलकी लक्षणे मानेपासून दूर, पायांत व हातांत दिसतात. पूर्वी नीट चालणारे मूल अडखळू लागते, पाय फाकून किंवा ताठ टाकू लागते, जिना चढताना कठड्याला धरू लागते, थोडे चालून झाले की उचलून घे म्हणते. पूर्वी बटणे लावीत असे, आता ती लावता येत नाहीत. घास हातातून सांडतो. शौच-मूत्रावर आलेला ताबा पुन्हा सुटतो. यांतील प्रत्येक गोष्टीस घरात एखादे सोपे कारण सापडते. मूल हट्टी झाले, आळसावले, वजन वाढले, शाळेत कोणी रागावले. सामान्य मूल हातापायांस मुंग्या येतात असे सांगू शकते. या मुलास बहुधा ते शब्दांत मांडता येत नाही, आणि मांडले तरी त्याचे म्हणणे गंभीरपणे घेतले जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, या मुलांचे जे काही बिघडते ते सर्व त्यांच्या जन्मजात अवस्थेच्या नावावर टाकण्याची आपली सवय हाच येथील खरा धोका आहे. डाउनच्या लक्षणसमूहातील मूल उशिरा शिकते. पण शिकलेले विसरू लागणे हे त्या लक्षणसमूहाचे अंग नव्हे. आलेली गोष्ट जाऊ लागली की तिचे कारण शोधलेच पाहिजे.

डॉक्टरांच्या तपासणीत याच गोष्टी अधिक नेमकेपणाने कळतात. गुडघ्याखाली हातोडीने ठोकले असता पाय प्रमाणाबाहेर उसळतो, घोटा झटक्याने वर दाबला असता पाऊल थरथरत राहते, तळव्यावर रेघ ओढली असता अंगठा खाली न वळता वर जातो. या तपासणीस यंत्र लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि दरवर्षी ती पुन्हा करण्याचा नेम. गेल्या वर्षीच्या नोंदीशी तुलना करता आली, तर तिचे मोल कितीतरी वाढते. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्ससाठी जी पद्धत रूढ आहे, तीही अशीच साधी आहे. स्नायूंचा दुबळेपणा वाढत आहे काय, डोके व मान सावरण्याची शक्ती पुरेशी आहे काय, आणि मान वाकविली असता हनुवटी छातीला टेकते काय, एवढेच तेथे पाहतात.

आपल्याकडे २००१ पासून स्पेशल ऑलिंपिक्स भारत ही संस्था काम करीत आहे आणि विशेष शाळांतील मुले स्पर्धांत उतरत आहेत. परदेशी यादीत आपल्या व्यायामप्रकारांची नावे असणार नाहीत, हे आपल्या क्रीडाशिक्षकांनी ध्यानात ठेवावे. शीर्षासनात सारा भार शिरोधरावरच येतो. सर्वांगासन व हलासन यांत मान पूर्णपणे पुढे वाकते. कोलांटउडीत भार आणि वाक दोन्ही एकत्र येतात. मल्लखांबावरील उलटे प्रकार आणि कबड्डीतील झटापट यांचाही विचार त्याच दृष्टीने करावयास हवा. ज्या मुलाच्या मानेविषयी काहीही शंका आहे, त्यास हे प्रकार देऊ नयेत. आणि शंका नसली तरी शीर्षासनावाचून कोणाचे काही अडत नाही, असे आम्हांस वाटते. ट्रॅम्पोलिनविषयी अमेरिकन अकादमीचा २०११ चा सल्ला असा होता, की सहा वर्षांखालील मुलांना त्यावर जाऊ देऊ नये आणि मोठ्या मुलांनाही जाणत्या शिक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीवाचून नको. परंतु धावणे, चालणे, चेंडू फेकणे, पाण्यात पायऱ्यांवरून उतरून पोहणे, नाचणे यांवर बंदी घालण्यास काहीच आधार नाही. या मुलांचे स्नायू सैल, वजन वाढण्याकडे कल, घराबाहेरचे मित्र थोडे. खेळ त्यांना जे देतो, ते दुसरे काहीच देत नाही. एका चित्रातील एका मिलिमीटरासाठी ते काढून घेणे ही सावधगिरी नव्हे. तीही एक इजाच आहे, फक्त तिची नोंद कोठे होत नाही.

लक्षणे आढळली तर मात्र क्षणाचाही विलंब नको. खेळ तत्काळ थांबवावा, मानेस हिसका बसू देऊ नये, आणि मुलास कण्याच्या तज्ज्ञाकडे न्यावे. अशा वेळी क्ष-किरण चित्र अवश्य काढावयाचे, परंतु प्रथम मान सरळ ठेवूनच. त्यात मोठा दोष दिसला, तर मान वाकवून चित्रे घेण्याच्या भरीस पडू नये. दोष दिसला नाही तरच ती घ्यावीत. मज्जारज्जूची प्रत्यक्ष स्थिती चुंबकीय अनुस्पंदन चित्रणात, म्हणजे एमआरआयमध्ये, दिसते. शस्त्रक्रियेची गरज पडलीच, तर शिरोधर व अक्ष एकमेकांस जखडून टाकतात. पूर्वी हे काम तार आणि हाडाचा तुकडा यांच्या साहाय्याने करीत आणि ते कित्येकदा सैल पडे. शिरोधराच्या बाजूच्या जाड भागात व अक्षात स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. जर्मनीतील हार्म्स यांनी २००१ मध्ये तिच्यात केलेल्या फेरफारांसह ती आज गोयल-हार्म्स पद्धती या नावाने जगभर वापरली जाते. शस्त्रक्रिया तरीही जोखमीची आहे, आणि दोन मणके जखडल्यानंतर मानेची बरीचशी फिरत कायमची जाते. म्हणून केवळ फट मोठी आहे एवढ्यावरून ती करण्याची घाई होऊ नये.

शेवटी खेळाच्या मैदानाबाहेरील एका प्रसंगाचा उल्लेख केला पाहिजे. हृदयातील छिद्र, टॉन्सिल, कान, दात अशा कारणांनी या मुलांना वरचेवर भूल द्यावी लागते. भुलेच्या अंमलात मान सावरणारे स्नायू सैल पडलेले असतात, आणि श्वासनलिकेत नळी घालताना भूलतज्ज्ञास मान मागे न्यावी लागते. त्या क्षणी सांध्याच्या रक्षणास सैल अस्थिबंधाखेरीज काही उरत नाही. लक्षणे नसलेल्या मुलाचेही डोके अशा वेळी जपून हाताळावयाचे असते. तेव्हा मुलास आत नेण्यापूर्वी पालकांनी भूलतज्ज्ञास भेटून डाउनच्या लक्षणसमूहाचा आणि मानेचा स्पष्ट उल्लेख करावा, व गेल्या काही महिन्यांत चालण्यात किंवा हातांच्या कामात काही फरक पडला असल्यास तोही सांगावा.